दोन सायकली, एक चौकट

वयात येण्याच्या चित्रपटांत कथानक बहुधा नावापुरतंच असतं. कोणाच्या तरी आईवडिलांची बदली होते, शाळा बदलते, सुट्टी संपते, घरातलं एखादं माणूस जातं. एवढ्याशा ऐवजावर दोन तासांचा चित्रपट उभा राहतो, कारण खरी घडामोड मुलाच्या मनात चाललेली असते. कादंबरीकाराला ती सरळ सांगता येते. ‘त्याला एकदम एकटं वाटलं’ असं लिहिलं की त्याचं काम भागतं. दिग्दर्शकाला मात्र हे एकटेपण कुठे तरी उभं करून दाखवावं लागतं. कॅमेरा किती उंचीवर ठेवायचा, मुलगा चौकटीच्या कोणत्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी कोण आणि किती अंतरावर, हे सगळं ठरवावं लागतं. या जातीच्या उत्तम चित्रपटांत मैत्री संवादांतून फार थोडी कळते. ती या अंतरावरून कळते आणि मोठं होणंही हे अंतर बदललं की लक्षात येतं.

सुरुवात कॅमेऱ्याच्या उंचीपासून होते. प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरचा कॅमेरा मुलाकडे वरून बघतो आणि नकळत त्याला ‘बिचारा’ करून टाकतो. तोच कॅमेरा मुलाच्या डोळ्यांपर्यंत खाली आणला की मोठ्यांची धडं दिसू लागतात, चेहरे चौकटीबाहेर जातात, दारं उंच होतात. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (1955) सहा वर्षांचा अपू पहिल्यांदा दिसतो तो फाटक्या पांघरुणाच्या भोकातून. आधी दिसतो तो त्याचा फक्त एक डोळा, आणि तोही बहीण दुर्गा उघडते तेव्हा. इथून पुढचं जग हा मुलगा बघणार आहे आणि त्याला ते दाखवणारी ही बहीण आहे, हे राय यांनी एकही शब्द न वापरता सांगून टाकलं. भावंड हाच पहिला सवंगडी असतो, ही गोष्टही त्यात आलीच.

उंचीनंतर प्रश्न येतो चौकट वाटून घेण्याचा. दोन पात्रं एकाच शॉटमध्ये ठेवायची की एकदा हा, एकदा तो असे तुकडे जोडायचे, ही निवड संकलनाच्या टेबलावर सोयीची बाब वाटते. प्रेक्षकाच्या मनावर मात्र तिचा परिणाम मोठा असतो. एका चौकटीत बराच वेळ एकत्र दिसणारी मुलं न सांगता मित्र ठरतात आणि तुकड्यांत विभागलेली मुलं हसत बोलत असली तरी सुटी वाटतात. या कामी सायकलीइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. दोन सायकली शेजारी-शेजारी चालतात, कॅमेरा गाडीवरून त्यांच्याबरोबर जातो, मागचा रस्ता सरकत राहतो आणि मुलांना एकमेकांकडे न बघता बोलता येतं. या वयात मनातलं बोलायची तीच तर अट असते. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (2014) सायकलीलाच नाव आहे, आणि ती विकली जाऊ नये म्हणून पंढरपूरच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडणारी पोरं आहेत.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये ही सगळी हत्यारं एकाच हातात आली. दिग्दर्शक आणि छायालेखक तेच. 2014 च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने ‘क्रिस्टल बेअर’ देऊन या चित्रपटाचा गौरव केला, त्याच वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. वडील गेल्यानंतर आईची बदली होते आणि 11 वर्षांचा चिन्मय (अर्चित देवधर) पुण्याहून कोकणात येतो. नव्या शाळेत त्याला बंड्या (पार्थ भालेराव) आणि त्याची टोळी भेटते. या पोरांशी चिन्मयचं जमतं ते आधी नुसतं त्यांच्या मागे-मागे राहून, मग बरोबरीने. हा क्रम संवादांपेक्षा त्यांच्या चालण्या-पळण्यातून आणि सायकलींतून वाचता येतो.

मग येतो किल्ल्याचा प्रसंग. सायकलींची शर्यत लावून मुलं किल्ल्यावर पोचतात, पावसाचा जोर वाढतो, चिन्मय मागे राहतो आणि बाकीचे निघून जातात. घडतं एवढंच. पण इथे जागा, आवाज आणि दृष्टिकोन असं तिहेरी काम चाललेलं असतं. किल्ला म्हणजे भिंती, आडवळणं आणि काळोखे कोपरे. उघड्या समुद्राची सवय झालेल्या प्रेक्षकाचीच तिथे कोंडी होते. पावसाचा आवाज इतका मोठा की हाकेचा उपयोग नाही. आणि प्रेक्षक त्या वेळी चिन्मयबरोबर असतो, त्यामुळे मित्रांनी हे मुद्दाम केलं की पोरासोरांच्या घाईत घडलं, याचा निवाडा त्यालाही करता येत नाही. वडील गेल्यावर पुन्हा एकदा कोणी तरी आपल्याला टाकून गेलं, ही चिन्मयची समजूत आहे. ती चुकीची असेल, पण त्या भिंतींमध्ये ती अगदी खरी वाटते. नंतर तो मित्रांपासून तुटतो, एका मच्छीमाराबरोबर होडीत जाऊन बसतो. ज्या समुद्रावर आधी टोळी होती, तिथेच आता तो एकटा आहे. तिकडे आईचीही (अमृता सुभाष) नव्या कार्यालयात घुसमट चालू आहे. एका छपराखाली दोघं आपापलं दुःख वेगवेगळं वागवतात, आणि छायालेखन ते अंतर घाईने बुजवत नाही. कोकणातल्या पावसाच्या देखणेपणाला भुलून काही समीक्षक या चित्रपटाला चित्रमय म्हणून मोकळे झाले. तो अन्याय आहे. या पावसाला चित्रपटात काम नेमून दिलेलं आहे.

मित्र चौकटीतून कायमचा गेला तर काय करायचं, हा प्रश्न उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’ने (2009) घेतला. समीर आणि नचिकेत ही मावस-मामे नात्यांच्या गोतावळ्यात वाढणारी दोन भावंडं, एकमेकांचे जिवलग आणि पत्रांतून बोलणारी. नचिकेतचा विहिरीत बुडून मृत्यू होतो. समीर मात्र हा लपाछपीचाच डाव धरून त्याला शोधत निघतो. सुधीर पलसाने यांच्या कॅमेऱ्याने पूर्वार्धात लग्नघराची माणसं, अंगण आणि शेत गच्च भरून दाखवलं. उत्तरार्धात तीच चौकट रिकामी पडू लागते. माळरान, क्षितिज आणि त्यात लहानसा समीर. गेलेला मित्र दाखवायचा तर त्याची मोकळी राहिलेली जागा दाखवायची, आणि ती पुरेसा वेळ दाखवायची, एवढा धीर फार थोड्या चित्रपटांना असतो. अर्थात संथपणाचा आरोप ‘विहीर’वर झालाच. पण शॉट लवकर तोडले असते तर समीरचं शोधणं प्रेक्षकाला फक्त कळलं असतं, अंगावर आलं नसतं.

मैत्रीपलीकडे या वयात ओढ असते ती दुरून बघण्याची. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत आणीबाणीच्या काळातला नववीतला जोशी स्वतःच सगळं सांगतो. पडद्यावर ते बोलणं जसंच्या तसं आणलं असतं तर श्रुतिका झाली असती. कादंबरीवर चित्रपट करताना सुजय डहाके यांनी त्यातला बराच भाग नजरांवर सोपवला. जोशी बघतो, मग तो काय बघतो ते दिसतं, मग पुन्हा जोशी. संकलनाची ही सर्वांत जुनी युक्ती शिरोडकर या मुलीच्या बाबतीत प्रेमाचं काम करते. आणि सुऱ्या, चित्रे, फावड्या ही टोळी एका चौकटीत कोंबलेली असते. मुलगी तुकड्यांत आणि मित्र एकत्र, अशी ही मांडणी आहे.

नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’त (2013) याच बघण्याची दिशा उलटवली. कैकाडी कुटुंबातला जब्या (सोमनाथ अवघडे) आणि त्याचा मित्र पिऱ्या (सूरज पवार) गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे रानात हिंडतात, तेव्हा चौकट मोकळी आहे आणि बघणारा जब्या आहे, कधी चिमणीकडे, कधी शालू या मुलीकडे. शेवटी गावातली डुकरं पकडायची वेळ येते आणि सारा गाव त्याच्याकडे बघू लागतो. शालूला आपण दिसू नये म्हणून तो आडोसा शोधतो, कॅमेरा मात्र त्याला आडोसा मिळू देत नाही. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि डुकरामागे धावणारं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. विनोद आणि संताप एकाच शॉटमध्ये. पुढे मारलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारी माणसं शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्या चित्रांसमोरून जातात. कॅमेरा काही ठासून सांगत नाही, भिंत आणि माणसं एकत्र दिसतील एवढा मागे उभा राहतो. इतर चित्रपटांत मूल मोठं होतं ते विरहाने किंवा मृत्यूने. जब्या मोठा होतो तो जात कळल्याने, आणि ती त्याला शंभर डोळ्यांनी कळवली जाते. नवख्या मुलांना भूमिका देण्याचा फायदाही इथे दिसतो. अवघडेच्या चेहऱ्यावर शिकवलेला अभिनय नाही, त्यामुळे क्लोज-अप लांबवता येतो. त्याला पहिल्याच भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

काळ दाखवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. सर्वांत सोपा म्हणजे मोठेपणीच्या माणसाचं निवेदन. रॉब रायनर यांच्या ‘स्टँड बाय मी’त (1986) लेखक झालेला नायक 1959 मधला उन्हाळा आठवतो, तर रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’मध्ये (2013) आईवडील झालेली जोडी आपलं चाळीतलं लहानपण. या पद्धतीत स्मरणरंजनाचा गोडवा येतो आणि धोकाही तोच: सगळंच सोनेरी होऊन बसतं. रिचर्ड लिंकलेटर यांनी ‘बॉयहूड’साठी (2014) दुसरं टोक गाठलं. 2002 ते 2013 अशी बारा वर्षं, दरवर्षी थोडे दिवस, तेच कलाकार घेऊन त्यांनी चित्रण केलं. एलर कोल्ट्रेन पडद्यावर सहापासून अठरा वर्षांचा होतो. वर्ष सांगणारी पाटी कुठेच नाही. पुढच्या शॉटमध्ये केस वेगळे दिसतात, आवाज फुटलेला असतो आणि मधले मित्र निरोप न घेता गायब झालेले असतात. खऱ्या आयुष्यात बालमित्र बहुधा असेच सुटतात.

शेवट हा या चित्रपटांचा सर्वांत अवघड भाग, कारण मोठं होणं संपत नाही. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये (1959) सुधारगृहातून पळालेला आंत्वान धावत-धावत समुद्रापर्यंत जातो. कॅमेरा त्याच्याबरोबर पळत राहतो. पुढे पाणी, मागे सुधारगृह. मुलगा वळून थेट प्रेक्षकाकडे बघतो आणि चित्र गोठतं. पुढे काय, याचं उत्तर त्रुफो यांनी तेव्हा टाळलं, पण 1979 पर्यंत ज्याँ-पिएर लेओ या त्याच कलाकाराला घेऊन आंत्वानच्या आणखी चार कथा केल्या, त्यातला एक लघुपट. ‘फँड्री’चा जब्या शेवटी प्रेक्षकाकडे नुसता बघत नाही. त्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

या साऱ्या यादीतलं एक मोठं न्यून डोळ्यांत भरतं. बघणारा जवळजवळ प्रत्येक वेळी मुलगा आहे. शिरोडकर आणि शालू या बघितल्या जाणाऱ्या मुली आहेत, त्यांच्या मैत्रिणी कोण, त्या आपसांत काय बोलतात, याचा पत्ता लागत नाही. सेलीन सियामा यांनी पॅरिसच्या उपनगरातल्या मुलींवर केलेला ‘बांद द फी’ (2014) या बाबतीत पाहण्याजोगा आहे. खेळून परतणाऱ्या मुलींचा कलकलाट चालू असतो, इमारतींपाशी मुलांचे घोळके दिसू लागतात आणि तो कलकलाट विरत-विरत बंद होतो. मुलगी म्हणून मोठं होणं म्हणजे काय, ते आवाजाच्या त्या उतरत्या पातळीत आलं. पुढे हॉटेलच्या खोलीत, निळ्या उजेडात चार मैत्रिणी एकत्र नाचतात आणि रुंद चौकटीत चौघीही मावतात. आसाममध्ये रीमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (2017) लिहिला, चित्रित केला, संकलितही केला. गिटारचं वेड घेतलेल्या धुनूच्या या गोष्टीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठीत मुलांच्या मैत्रीसाठी कॅमेऱ्याची एवढी परिपक्व भाषा तयार झाली आहे. दोन मैत्रिणींच्या गोष्टीसाठी ती त्याच तोडीने वापरणारा चित्रपट मराठीने अजून द्यायचा आहे.