फोटोतला चेहरा आणि आपली त्वचा

जाहिरातीतल्या मॉडेलचा चेहरा इतका नितळ कसा दिसतो? फोटो काढताना मऊ प्रकाश टाकतात. हनुवटी किंचित पुढे व खाली घ्यायला सांगतात, त्यामुळे गळ्यावरची घडी झाकते. नंतर संगणकावर मुरुम व डाग पुसतात, कंबरही बारीक करतात. फ्रान्समध्ये तर १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचा बांधा असा बदलला असल्यास जाहिरातीवर तसे छापणे सक्तीचे आहे.

आपल्याकडे मात्र अनेक मुली त्या फोटोशी आरशातला चेहरा ताडून पाहतात आणि कुणीतरी सुचवलेले गोरेपणाचे मलम आणतात. त्यात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टिरॉइड असू शकते. सुरुवातीला चेहरा उजळतो, तिथेच फसगत होते. पुढे त्वचा पातळ व लाल होते, मुरुम वाढतात, चेहऱ्यावर केस येतात. मलम थांबवले की आग होते, म्हणून ते सुटत नाही. असे मलम बरेच दिवस लावत असाल, तर मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नवे मलम आणू नका.

त्वचेवरची बारीक छिद्रे, तीळ, सावळा रंग हे रोग नव्हेत. त्यांवर औषध नको.