मासा आजारी आहे, पण आजार कोणता?

आपल्यातले बरेच गट गावतळं ठेक्याने घेऊन कटला, रोहू, मृगळ पाळतात. मासे मरायला लागले की घाबरून आपण आधी औषधाच्या दुकानात जातो. आज आपण प्रयोगशाळेत माशाचा आजार कसा ओळखतात ते समजून घेऊ.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तळ्यात मासे मरू लागले. अंगावर लाल चट्टे, फुगलेली पोटं, झिजलेल्या शेपट्या. बीज कर्ज काढून सोडलेलं. आम्ही तरंगणारे पाच-सहा मेलेले मासे पिशवीत घातले आणि एस.टी.ने प्रयोगशाळा गाठली. तिथल्या मॅडमनी पिशवी उघडली आणि म्हणाल्या, "ताई, यातून काही कळायचं नाही." आधी आम्हाला रागच आला. मग त्यांनी कारण सांगितलं. मासा मेला की त्याच्या आतड्यातले जिवाणू काही तासांतच अंगभर पसरतात. मग माशाला मारणारा कोणता आणि मेल्यावर पसरलेला कोणता, हे वेगळं करता येत नाही. म्हणून आजारी पण जिवंत मासा लागतो.

असा मासा मिळाला की आधी कल्ले आणि कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. परजीवी किडे असतील तर तिथेच दिसतात. जखमेखालच्या मांसात बुरशीचे धागे दिसले तर आजार वेगळा. हिवाळ्यात माशांना खोल लाल जखमा होतात, त्या आजाराचं मूळ बुरशीत असतं. जिवाणू तिथे मागाहून शिरतात. वरून जखमा सारख्याच दिसतात, म्हणून नुसत्या नजरेने निदान होत नाही.

जिवाणू शोधायचे तर माशाचं मूत्रपिंड घेतात. पाठीच्या काट्याला चिकटलेला तो गडद लाल पट्टा. कातडीवर तळ्यातले सगळेच जिवाणू असतात, मूत्रपिंडात मात्र निरोगी माशाच्या सहसा नसतात. ज्योतीवर तापवून निवलेल्या तारेने तिथला अंश घेतात आणि काचेच्या बशीतल्या जेलीवर रेघा ओढतात. ही जेली म्हणजे जिवाणूंचं खाद्य. दुधाला विरजण लावून आपण रात्रभर थांबतो, तसंच इथे एक-दोन दिवस थांबावं लागतं. एकेका जिवाणूची वाढ होऊन डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो.

मग त्या ठिपक्यांची ओळख पटवतात. 'ग्राम' नावाच्या पद्धतीने रंग दिला की काही जिवाणू जांभळे राहतात, काही गुलाबी दिसतात. आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांना नेहमी छळणारा एरोमोनास हा गुलाबी, काडीसारखा. त्यानंतर तो कोणती साखर आंबवतो, कोणत्या रसायनाने रंग बदलतो, अशा चाचण्या करून नाव पक्कं करतात.

पुढची चाचणी आपल्या सगळ्यात कामाची. जिवाणू पसरलेल्या बशीवर कपाळाच्या टिकलीएवढ्या गोल कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत वेगळं औषध. दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते औषध चालतं. ज्या चकतीला अगदी चिकटून जिवाणू वाढले, ते औषध तळ्यात ओतणं म्हणजे पैसा पाण्यात.

पीसीआर नावाची चाचणीही असते. तीत जिवाणूच्या जनुकाच्या असंख्य प्रती काढतात, त्यामुळे थोडे जिवाणू असले तरी काही तासांत पत्ता लागतो. पण ती महाग असते, आणि जिवाणू ओळखणाऱ्या साध्या पीसीआरमधून कोणतं औषध चालेल ते कळत नाही.

पुढच्या वेळी आम्ही चार आजारी मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून जिवंत नेले. चौथ्या दिवशी अहवाल आला : एरोमोनास. दुकानदार जे औषध गळ्यात मारत होता, त्याच्या चकतीभोवती वर्तुळच नव्हतं!

तेव्हा एवढं लक्षात ठेवूया. पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी पाण्यातला प्राणवायू तपासायचा, तो आजार नसेलही. आजारी मासे जिवंत नेणं जमत नसेल तर ताजे मारून, पिशवीत घालून, भोवती बर्फ ठेवून त्याच दिवशी पोचवायचे, गोठवायचे नाहीत. जिवाणूंच्या तपासणीचा मासा फॉर्मेलिनमध्ये बुडवायचा नाही, त्यात जिवाणू मरतात. सोबत स्वच्छ बाटलीत तळ्याचं पाणी न्यायचं. मासे कधीपासून मरताहेत, किती मेले, कोणतं औषध टाकलं, हे कागदावर लिहायचं. औषध टाकलं असेल तर लपवायचं नाही, कारण त्यामुळे बशीवर जिवाणू वाढत नाहीत.

अहवाल येईपर्यंत खाद्य कमी करायचं, मेलेले मासे काढून चुना टाकून पुरायचे आणि त्या तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात न्यायचं नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना खाण्याच्या माशांसाठी बंदी आहे. कुणी दिली तरी घ्यायची नाहीत.

नागपूर आणि उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालयं आहेत, जिल्ह्याला मत्स्यव्यवसाय कार्यालय असतं. तिथले फोन नंबर आजच गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि नमुना नेण्याआधी फोन करा. मासे मरायला लागल्यावर नंबर शोधत बसायला वेळ नसतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.