धावणाऱ्याची पहाट आणि जंगलाची पहाट

डांबरी रस्ता किंवा मैदानावरची आखीव धावपट्टी सोडून डोंगर, जंगल किंवा नदीकाठच्या नैसर्गिक वाटांवरून लांब अंतर धावण्याच्या क्रीडाप्रकाराला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात आणि त्याची सर्वांत नावाजलेली भूमी म्हणजे युरोपातील आल्प्स पर्वत. २००३ पासून माँ ब्लां शिखराभोवती भरणारी सुमारे १७० किलोमीटरची शर्यत फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाते, एकूण सुमारे १०,००० मीटरची चढाई करायला लावते आणि वाटेत ले कोंतामीन-मोंझ्वा येथील, १९७९ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षित निसर्गक्षेत्रातूनही जाते. तिथे नदीच्या अरुंद घळीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या चर्चपासून धावपटू खऱ्या चढाला लागतात. महाराष्ट्रात या खेळाने सह्याद्रीत मूळ धरले असून सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी वाट धावपटूंच्या चांगल्या परिचयाची आहे. राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, मात्र अशा वाटांवर धावणे हा हौसेपेक्षा उपजीविकेचा विषय आहे, कारण इथली तरुण मुले-मुली पोलीस भरतीच्या १६०० आणि ८०० मीटर धावण्यासाठी किंवा वनरक्षक भरतीच्या ५ आणि ३ किलोमीटर धावण्यासाठी वर्षानुवर्षे सराव करतात, आणि ज्यांच्या गावाला मैदान नाही त्यांच्यासाठी पांदण, तलावाची पाळ आणि जंगलाकाठची मुरमाची वाट हीच धावपट्टी असते.

या तालुक्याची भूमी धावण्याच्या दृष्टीने विलक्षण आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा विस्तार इथे पोहोचण्यापूर्वीच संपतो आणि त्याच्या कितीतरी आधीचे, उष्णता व दाबाने रूप पालटलेले प्राचीन खडक उघडे पडतात. त्यांच्या झिजेतून उरलेल्या बुटक्या टेकड्या, त्यांच्यामधल्या खिंडी आणि खिंडींच्या तोंडाशी मातीची पाळ घालून अडवलेले पाणी, असे या प्रदेशाचे रूप आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरेने सांगितला जाणारा नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. आल्प्समध्ये हिमनद्या आणि प्रवाहांनी घळी कोरल्या आणि माणसाने त्यांच्या काठाने वाटा काढल्या. इथे कोहळी समाजातील शेतकऱ्यांनी डोंगरांमधली फट ओळखून ती बुजवली, आणि त्या पाळीवरच वाट झाली.

अशा ओबडधोबड जमिनीवर धावताना शरीरात काय घडते, याची मोजमापे गेल्या काही दशकांत झाली आहेत. सपाट आणि खडबडीत पृष्ठभागांची तुलना करणाऱ्या २०१५ मधील एका अमेरिकी प्रयोगात असे दिसले की पायाखाली अवघ्या काही सेंटिमीटरचे चढउतार असले तरी धावण्यासाठी सुमारे ५ टक्के अधिक ऊर्जा लागते, तर चालण्याच्या खर्चात याहून बरीच मोठी वाढ होते. धावणारा पाय स्प्रिंगप्रमाणे दबतो आणि उसळतो, त्यामुळे लहानसहान उंचवटे तो अधिक स्वस्तात पचवतो. उताराचा हिशेब आणखी अनपेक्षित आहे. इटलीतील संशोधक अल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की सपाटीवर एक मीटर धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ३.४ ज्यूल ऊर्जा खर्ची पडते, दर १०० मीटरला २० मीटर उतरणाऱ्या वाटेवर हा खर्च जवळपास निम्मा होतो, परंतु त्याहून तीव्र उतारावर तो पुन्हा वाढू लागतो, कारण तिथे स्नायूंना शरीर पुढे ढकलण्याऐवजी ते रोखून धरण्याचे काम करावे लागते. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि डोंगर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या यामुळेच. मात्र एकदा अशी इजा भरून निघाली की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तशाच श्रमाला लक्षणीय प्रमाणात टिकाव धरतो.

पायाइतकेच काम डोळ्याला असते. जोनाथन मॅथिस, जेकब येट्स आणि मेरी हेहो यांनी २०१८ मध्ये नैसर्गिक वाटांवर चालणाऱ्या माणसांच्या नजरेची नोंद घेतली, तेव्हा खडकाळ वाटेवर माणूस साधारण दीड सेकंदानंतर पाऊल जिथे पडणार आहे त्या जागेकडे पाहतो, असे आढळले. वाट अवघड झाली की तो गती कमी करतो, पण हे दीड सेकंदाचे अंतर फारसे बदलत नाही. हाच नियम धावण्याला लागू धरला, तर ताशी १० किलोमीटरने धावणाऱ्याला सुमारे चार मीटर पुढची जमीन स्पष्ट दिसणे आवश्यक ठरते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या, बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी अंधूक प्रकाशात निकामी ठरतात आणि मंद प्रकाशाला सरावणाऱ्या दंडपेशींना पूर्ण क्षमतेने काम करायला वीस ते तीस मिनिटे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे पहाटेच्या धूसर उजेडात सागाच्या पानांखाली दडलेला दगड धावणाऱ्याला का दिसत नाही, याचा उलगडा होतो.

तरीही इथला धावणारा पहाटेच बाहेर पडतो, आणि त्याला भाग पाडते ती उष्णता. आल्प्समधील धावपटूंपुढे उंचीवरील विरळ हवेचा प्रश्न असतो. २५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश उरतो. याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि विरळ हवेत रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होऊ न देणारे ‘ईपीएएस१’ या जनुकाचे एक रूप तिबेटी लोकांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळते; ते डेनिसोवन या लुप्त मानवगटाकडून आल्याचे २०१४ मध्ये दाखवण्यात आले. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या उन्हाशी झुंजायला मात्र कोणत्याही मानवसमूहाकडे घामाखेरीज मोठे साधन नाही. ६० किलो वजनाचा माणूस तासाला १० किलोमीटर धावतो, तेव्हा सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक उष्णतेच्या रूपाने शरीरातच उरतात. एक लीटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते, म्हणजे तासाला जवळपास पाऊण ते एक लीटर घाम त्वचेवरच वाळला पाहिजे. हवा दमट असेल, जशी ती भाताच्या रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांवर असते, तर घाम वाळण्याऐवजी निथळून पडतो आणि त्याचा उपयोग संपतो. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर याच माणसाच्या शरीराचे तापमान दर सहा-सात मिनिटांनी एक अंशाने वाढेल. दहा ते चौदा दिवसांच्या सरावाने घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातील क्षार कमी होतात आणि रक्तातील द्रव वाढतो, पण या सरावाला मर्यादा आहे, आणि म्हणून सूर्य वर येण्यापूर्वी धावून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

अडचण अशी की हेच शहाणपण जंगलातील प्राण्यांकडेही आहे. चितळ, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या आणि वाघ हे सारे उष्ण प्रदेशात पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक हालचाल करतात. धावणाऱ्याच्या शरीराला सोसणारी वेळ आणि वन्यप्राण्यांच्या वावराची वेळ इथे जवळजवळ एकच आहे. आल्प्समध्ये भर दुपारी धावता येते; उष्ण कटिबंधातील पानगळीच्या जंगलात माणूस आणि प्राणी यांना थंड घटिकाच वाटून घ्याव्या लागतात, आणि पायवाटेवर धावण्याचा युरोपीय नमुना इथे जसाच्या तसा उचलता येत नाही, याचे मूळ कारण हे आहे.

मोहफुलांच्या दिवसांत ही टक्कर अधिक धारदार होते, कारण मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर टपटपलेली फुले वेचायला माणसे आणि खायला अस्वले एकाच झाडाखाली येतात. अस्वलाचे बहुतेक हल्ले भक्ष्यासाठी नसतात, तर जवळून अचानक सामना झाल्याने घडतात. गप्पा मारत चालणाऱ्या बायांची चाहूल त्याला लांबून लागते आणि ते वाट सोडते, पण एकटा, अबोल आणि दुप्पट वेगाने येणारा धावपटू त्याला ती संधीच देत नाही. दबा धरून शिकार करणाऱ्या वाघ-बिबट्यांच्या बाबतीत पाठमोरे धावणारे शरीर पाठलागाची प्रेरणा जागी करू शकते, म्हणूनच समोर वाघ आल्यास पळू नये, हे जंगलात वावरणाऱ्या प्रत्येकाला शिकवले जाते. ही खबरदारी इथे गरजेची आहे: १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचे नवेगाव डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले आणि २० मे २०२३ रोजी या प्रकल्पात ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी आणून सोडण्यात आल्या. शिवाय २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आलेला रानहत्तींचा कळप पुढे या तालुक्यापर्यंत येऊन गेला.

माणसाला असलेल्या धोक्याची चर्चा वारंवार होते. प्राण्यांना होणारा त्रास मात्र दिसत नाही, आणि खरे तर अधिक काळजी त्याचीच वाटायला हवी. मनोरंजनासाठी निसर्गात येणाऱ्या माणसांचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, याविषयीच्या २७४ अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा त्यांतील ९३ टक्के अभ्यासांत काही ना काही परिणाम नोंदला गेल्याचे दिसले. चालणे किंवा धावणे यांसारख्या इंजिनविरहित प्रकारांचे दुष्परिणाम वाहनांच्या तुलनेत अधिक वेळा नोंदले गेले, हा त्यातील सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आढाव्यात ६२ प्रजातींचे सस्तन प्राणी माणसाच्या वावरामुळे अधिक निशाचर होत असल्याचे आढळले. ज्या प्राण्याने पहाटे चरायचे तो रात्री चरू लागला, तर त्याचा आहार, त्याचे वैरी आणि पिलांना पाजण्याच्या वेळा, सगळेच हलते. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. प्राणी तो आणि शेतशिवारे बहुधा अंधारात ओलांडतात, त्यामुळे त्यांच्या रात्रीवर आधीच भार आहे.

१९१४ मध्ये स्थापन झालेल्या स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानात आखलेली वाट सोडून एक पाऊलही टाकू दिले जात नाही, कारण ठरावीक रेषेवरून जाणाऱ्या माणसाला प्राणी सरावतात आणि रेषेबाहेरच्या माणसाला बिचकतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात परवानगीशिवाय शिरण्यास बंदी आहे, आणि नवेगावच्या गाभ्यातील वाटा धावपटूंसाठी कधीही खुल्या होऊ नयेत, असेच उपलब्ध विज्ञान सुचवते. ज्या वनरक्षकपदासाठी इथली मुले धावतात, त्याचे कामच या वाटा निर्धोक आणि निर्मनुष्य राखण्याचे आहे.

धावणाऱ्यांचे यात फारसे बिघडत नाही. स्नायूंना हवी असलेली असमान जमीन तलावांच्या पाळींवर, बोड्यांच्या (लहान तळ्यांच्या) काठी आणि गावठाणालगतच्या पांदणींवर विपुल आहे, आणि पाळीवरून गावाच्या बाजूने शंभर पावले तरी पुढचे स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात उजाडेपर्यंत थांबून पहिल्या तासाभरात, दोघा-तिघांनी मिळून, गावालगतच सराव आटोपणे हा मधला मार्ग आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तर वेळेचा तंटा बराचसा मिटतो, कारण हवा गार व कोरडी असल्याने सकाळी आठ-नऊ वाजताही घाम त्वचेवरच वाळतो आणि तोवर चितळे सावलीला गेलेली असतात. याच महिन्यांत नवेगावच्या पाण्यावर उत्तरेकडून आलेली बदके असतात. त्यांतील अनेक जाती रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात, आणि दर वेळी दचकून उडाल्याने परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते. पाळीच्या माथ्यावरून धावणारी आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर त्यांना लांबून दिसते, तर पाण्याच्या विरुद्ध बाजूच्या पायथ्याने, धानाच्या बांध्यांकडून धावणारा माणूस त्यांच्या नजरेआड राहतो.