दोन दृश्यांच्या सांध्यात

‘झीरो डार्क थर्टी’ सुरू होतो तेव्हा पडद्यावर काहीच दिसत नाही. काळोखात फक्त आवाज येतात. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी न्यूयॉर्कच्या जळत्या मनोऱ्यांत अडकलेल्यांचे ते फोन. मग एकदम उजेड होतो आणि आपण सीआयएच्या एका गुप्त कोठडीत असतो. दोराने टांगून उभा केलेला कैदी आणि त्याच्यासमोर अमेरिकी अधिकारी. मधली दोन वर्षे एका पाटीत उरकलेली. ‘त्याचा हा हिशेब’ असे कोणी म्हणत नाही. म्हणायची गरजही नाही, कारण दोन दृश्ये शेजारी ठेवली की ते वाक्य प्रेक्षक मनातल्या मनात पुरे करतो. दहशतवादविरोधी युद्धावरच्या अमेरिकी चित्रपटांतली देशभक्ती झेंड्यांत आणि भाषणांत शोधली तर फारशी हाती लागत नाही. ती सापडते संकलकाच्या टेबलावर, कुठले दृश्य कुठल्या दृश्याला जोडले आहे त्यात.

क्लिंट ईस्टवूड यांचा ‘अमेरिकन स्नायपर’ (२०१४) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. नायक ख्रिस काइल टीव्हीवर मनोरे कोसळताना पाहतो, मग त्याचे लग्न होते, लग्नाच्या मांडवातच मोहिमेची बातमी येते आणि पुढच्या क्षणी तो इराकमध्ये छपरावर बंदूक रोखून आडवा पडलेला असतो. काही मिनिटांत न्यूयॉर्क आणि फलुजा यांची गाठ पक्की बसते. इतिहासात ही गाठ नाही. हल्ल्यात सद्दाम हुसेनचा हात असल्याचा पुरावा नाही, हे खुद्द अध्यक्ष बुश यांनी सप्टेंबर २००३ मध्ये मान्य केले होते. चित्रपटात ज्याच्या हस्तकांचा पाठलाग चालतो, त्या दहशतवादी म्होरक्या झरकावीने बिन लादेनशी निष्ठा जाहीर केली ती ऑक्टोबर २००४ मध्ये, म्हणजे अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरून दीड वर्ष झाल्यावर. आक्रमणानंतर फोफावलेली गोष्ट पडद्यावर आक्रमणाचे कारण होऊन बसते. एकट्या अमेरिकेत या चित्रपटाने सुमारे ३५ कोटी डॉलर कमावले. ही समजूत अर्थात ईस्टवूड यांनी जन्माला घातली नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या २००३ च्या पाहणीत ६९ टक्के लोकांना सद्दामचा सहभाग संभवनीय वाटत होता. चित्रपटाने त्या समजुतीला चेहरा दिला, बायको-मुले दिली, शेवटी अंत्ययात्रा दिली. मग तिच्याशी वाद घालणे म्हणजे मृताचा अपमान वाटू लागते.

यावर सोपे उत्तर असे की, हे सारे पेंटागॉनचे काम. त्यात तथ्य आहे. अमेरिकी संरक्षण खात्यात चित्रपटांसाठी स्वतंत्र कार्यालय आहे. हेलिकॉप्टर, जहाजे, तळ हवे असतील तर पटकथा आधी तिथे दाखवावी लागते. ‘ब्लॅक हॉक डाउन’ला खरी हेलिकॉप्टरे आणि खरे सैनिक मिळाले ते याच वाटेने. पण कॅथरीन बिगेलो यांचा ‘द हर्ट लॉकर’ लष्कराच्या मदतीविना जॉर्डनमध्ये चित्रित झाला. त्याला सहा ऑस्कर मिळाले, दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवणारी पहिली स्त्री म्हणून बिगेलो यांची नोंद झाली, आणि तरीही ‘आपण इथे आलोच का’ हा प्रश्न त्यातही कोणी विचारत नाही. म्हणजे मुळातली अडचण सरकारी कात्रीपेक्षा खोल आहे. कथा सैनिकाच्या डोळ्यांनी सांगायची ठरली की जग एका गल्लीएवढे आणि काळ तैनातीच्या उरलेल्या दिवसांएवढा होतो. त्या चौकटीत शेजारच्या साथीदाराला जिवंत परत नेणे हीच देशभक्ती. धोरण, कारण, जबाबदारी हे सगळे चौकटीबाहेर.

‘द हर्ट लॉकर’ला मात्र याची जाण आहे, आणि म्हणून तो यातला सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट आहे. बॉम्ब निकामी करणारा जेम्स डीव्हीडी विकणाऱ्या एका इराकी पोराशी दोस्ती करतो. पुढे स्फोटके भरलेला एका मुलाचा मृतदेह सापडतो. तो त्याच पोराचा, अशी त्याची खात्री पटते. रागाने पेटून तो एका निरपराध प्राध्यापकाच्या घरात घुसतो. काही दिवसांनी तेच पोर रस्त्यात हसत समोर येते. जेम्सने चेहराच ओळखला नव्हता. मित्राचासुद्धा! युद्धावरची याहून बोचरी टीका या काळातल्या मोठ्या अमेरिकी चित्रपटांत क्वचितच असेल. पण चित्रपट तिथे थांबत नाही. तो जेम्सला घरी नेतो, सुपरमार्केटमध्ये न्याहारीच्या खोक्यांच्या भिंतीसमोर हतबुद्ध उभा करतो आणि पुन्हा रणांगणावर पाठवतो. शेवटी जखम अमेरिकी मनाची उरते. इराकी लोक सज्जांत उभे राहून पाहणारे, हातात मोबाइल असेल तर संशयित.

बिन लादेनच्या शोधावरचा ‘झीरो डार्क थर्टी’ही बिगेलो यांचाच. त्यातल्या छळाच्या दृश्यांवर टीका झाली तेव्हा दाखवणे म्हणजे समर्थन नव्हे, असा बिगेलो यांचा बचाव होता. कलेपुरता तो रास्त आहे. छळाची दृश्ये किळसवाणीच आहेत, आणि शेवटी रिकाम्या विमानात रडणारी नायिका काही विजयी वाटत नाही. पण याच चित्रपटाने सुरुवातीला प्रत्यक्षदर्शी माहितीचा आधार सांगितला आहे. तो दावा केल्यावर ‘ही तर कल्पित कथा’ म्हणून सुटता येत नाही. कथानकात बिन लादेनच्या निरोप्याचे नाव छळाने खचलेल्या कैद्याकडून कळते. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवाल-सारांशाचा निष्कर्ष उलटा आहे. निरोप्याविषयीची सर्वांत अचूक माहिती एका कैद्याने छळापूर्वीच दिली होती. सीआयएने हे निष्कर्ष मानले नाहीत, हेही नोंदवायला हवे. पण तीन सिनेटरांनी चित्रपट दिशाभूल करतो असे वितरक कंपनीला लेखी कळवले, त्यांत व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ कैद आणि छळ सोसलेले जॉन मॅकेन होते. (चित्रपटातले पाकिस्तानी बाजार चंडीगडमध्ये उर्दू पाट्या लावून उभे केले होते आणि त्यावरून तिथे निदर्शने झाली. आपला राग नेपथ्यावर निघाला, पटकथेवर नाही.) पडद्यावरच्या छळाने कोण बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी ‘२४’ या मालिकेचे उदाहरण आहे. २००६ मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे डीन त्या मालिकेच्या निर्मात्यांना भेटायला गेले. छळाची दृश्ये कमी करा, छात्रांवर परिणाम होतो, अशी त्यांची विनंती होती. अनिल कपूर यांनी पुढे हिंदीत आणली ती हीच मालिका.

वेगळे चित्रपट निघालेच नाहीत असे नाही. ‘इन द व्हॅली ऑफ इला’मध्ये (२००७) एक निवृत्त सैनिक शाळेच्या परदेशी शिपायाला झेंडा उलटा लावू नये, तो संकटाचा इशारा असतो, असे समजावतो. मुलाच्या मृत्यूचे सत्य कळल्यावर तोच शेवटी झेंडा उलटा चढवतो. देशावरच्या प्रेमापोटी केलेली तक्रार याहून नेमकी दाखवता येणार नाही. तो चित्रपट चालला नाही. त्या वर्षीचे ‘रेन्डिशन’, ‘रिडॅक्टेड’ही पडले. २०१९ चा ‘द रिपोर्ट’ तर थेट सिनेटच्या त्या अहवालावरच बेतलेला. त्याचा नायक सीआयएची ६३ लाख पाने चाळत खिडकी नसलेल्या खोलीत वर्षानुवर्षे बसतो. ना पाठलाग, ना रात्रीचा छापा. चित्रगृहांत जेमतेम झळकून तो दोन आठवड्यांत ॲमेझॉन प्राइमवर गेला. त्या अहवालाची मूळ ६,७०० पाने आजही गोपनीय आहेत, लोकांपुढे आला तो सुमारे ५०० पानांचा सारांश. तोही वाचण्यापेक्षा बहुतेकांनी ‘झीरो डार्क थर्टी’तला बिन लादेनच्या अबोटाबादमधल्या घरावरचा छापा हिरव्या प्रकाशात पाहिलेला आहे.