दिवा धरलेली मुलगी

गेल्या दिवाळीत अक्काकडे सुरतेला गेले होते. पर्वत पाटियाला तिचं घर. हॉलमध्ये शिरलं की समोरच ती तसबीर दिसते: रात्रीचा अंधार, जांभळट साडीतली एक तरुणी, एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताची ओंजळ ज्योतीवर. बोटांतून लालसर उजेड झिरपतोय. अक्काच्या लग्नात अज्जीनं बेळगावहून दिलेली. खाली छापलंय, ‘राजा रविवर्मा’. अज्जी प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं सांगायची, “शंभर वर्षांपूर्वीचं चित्र आहे हो!”

तुमच्यापैकी कितीतरी घरांत हे चित्र असेल, आणि बहुधा याच नावानं.

मला मात्र म्हैसूर आठवलं. जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रशाळेत हे मूळ चित्र मी पाहिलंय. ते रविवर्म्याचं नाही. चित्रकार आपल्या सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जलरंगांचे उस्ताद. चित्र १९४५-४६ च्या सुमारास काढलेलं. रविवर्मा तर १९०६ सालीच गेले.

घोटाळा का झाला, तेही कळण्यासारखं आहे. त्याच चित्रशाळेत रविवर्म्याची खरी चित्रं आहेत आणि साडीतली सुंदर स्त्री दिसली की आपल्या तोंडी एकच नाव येतं. पण रविवर्म्याची गाजलेली चित्रं तैलरंगातली. हे कागदावरचं जलरंगातलं. जलरंगात उजेड दाखवायचा तर कागद तिथं उजळ राखावा लागतो आणि भोवती अंधार थरावर थर चढवावा लागतो. चुकलं की पुसून टाकणं कठीण. एवढी काळीभोर रात्र जलरंगात उभी करणं म्हणजे कसोटीच!

आणि ती तरुणी? हळदणकरांची लेक गीता. दिवा धरून ती वडिलांपुढे तासन् तास उभी राहिली होती. पुढं गीता उपळेकर म्हणून त्या कोल्हापुरात राहिल्या. २०१८ मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. लोक त्यांच्या तरुणपणीच्या चेहऱ्याला नमस्कार करायचे, पण वडिलांचं नाव कुणाच्या तोंडी नसायचं.

अक्का गप्प झाली. म्हणाली, “अज्जीला नको सांगूस. ऐंशी ओलांडलीय तिनं. वाईट वाटेल.”

पण मला राहवेना. वडिलांनी काढलेलं, लेकीनं उभं राहून घडवलेलं चित्र. आपल्या घरात तरी त्यावर त्यांचं नाव नको का? रात्री बेळगावला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

“हौदा?” अज्जी म्हणाली. मग, “बापानं लेकीचं काढलंय म्हणतीस? मग तर जास्तच चांगलं झालं की गं. चित्र भिंतीवरनं काढू नका. नाव तेवढं नीट लिहा.”

दुसऱ्या दिवशी भावोजींनी तसबीर उतरवली. छापलेल्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली. अक्कानं तिच्यावर लिहिलं, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये: ‘चित्रकार सा. ल. हळदणकर. दिवा धरलेली त्यांची लेक गीता.’

तुमच्या घरच्या तसबिरीखाली काय छापलंय, आज जरा बघा.