कर्जाची गाठ सोडवणारा माणूस

बाभुळगावकडचा शेतकरी कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवतो. बियाण्याला आणि खताला पैसा लागतो जून महिन्यात. हातात पैसा येतो दिवाळीच्या पुढेमागे. मधल्या दिवसांत कर्ज काढावेच लागते. कर्ज काढणे हा काही गुन्हा नव्हे. पण चार ठिकाणचे कर्ज झाले, की कोणाचे किती देणे लागतो हेच माणसाला सांगता येत नाही. विचारा एखाद्याला. तो म्हणेल, "लय हाय भाऊ, आकडा कायले इचारता?"

हा आकडा त्याच्यासोबत बसून काढणारा माणूस म्हणजे कर्ज सल्लागार. तो कर्ज देत नाही आणि वसूलही करत नाही. तो हिशेब मांडतो आणि वाट सांगतो.

हे काम अगदीच नवे नाही. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकार आणि कुळ कोर्टात जाण्याआधी दोघांत समेट करणारी माणसे त्या कायद्याने नेमली. पुढे १९३३ साली मध्य प्रांतात कर्ज समेटाचा कायदा झाला. आपला वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांताच्या कारभारात होता. अलीकडे, २००९ साली, रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्ज सल्ला केंद्रांची योजना दिली. सल्ला फुकट द्यायचा, बोलणे गुप्त ठेवायचे आणि आपल्या बँकेचा माल खपवायचा नाही, असे तिचे नियम होते. सल्लागार म्हणून निवृत्त बँक अधिकारी, माजी सैनिक अशांना घेता येईल, असेही त्यात म्हटले होते. २०१२ पासून अशी केंद्रे आर्थिक साक्षरता केंद्रे म्हणून चालतात.

म्हणजे एक नोकरी संपवून हे काम शिकता येते. मला विचाराल तर सोसायटीचा निवृत्त गटसचिव या कामाला फार चांगला. त्याला सातबारा वाचता येतो. नवे-जुने कसे करतात, हे तो झोपेतही सांगेल. पण त्याची एक खोड मोडावी लागते. आयुष्यभर त्याने विचारलेले असते, "कधी भरता?" आता त्याला विचारायचे असते, "घरात काय चालले आहे?" हे शिकायला हिशेबापेक्षा जास्त दिवस लागतात. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बायांना ही दुसरी गोष्ट आधीच येते. 'उमेद'मधल्या बँक सखी गावोगाव बँकेचे व्यवहार समजावतात. त्यांना कायद्याची बाजू तेवढी शिकावी लागते.

आता काम कसे चालते ते पाहू. समजा, एक दादा आले. सोसायटीचे पीक कर्ज ८०,००० रुपये. सावकाराचे २०,०००, महिना शेकडा ५ ने. कृषी केंद्राची उधारी १५,०००. कापूस-तूर विकून, घरखर्च बाजूला काढून हातात ९०,००० आले आहेत.

"सावकार दारात येते. त्याले व्याज देऊन टाकतो," दादा म्हणतात.

शेकडा ५ म्हणजे महिन्याला १,००० रुपये. वर्षाला १२,०००. मुद्दल मात्र जिथल्या तिथे. सोसायटीचे कर्ज ३१ मार्चच्या आत पूर्ण फेडले, तर केंद्राची सूट आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून ३ लाखांपर्यंत व्याज शून्य पडते. एक दिवस उशीर झाला की सवलत गेली. म्हणून कित्येक जण मार्चमध्ये आठ दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलून नवे-जुने करतात. शून्य टक्क्याचे कर्ज फेडायला साठ टक्क्यांचे कर्ज!

सल्लागार कागदावर मांडतो. आधी सावकाराचे मुद्दल फेडा. राहिले ७०,०००. सोसायटीला १०,००० कमी पडतात. तेवढे बाईंच्या बचत गटातून घ्या. गटाचा दर शेकडा २ असला तरी महिन्याला २०० रुपये पडतात, १,००० नव्हे. नवे पीक कर्ज मिळाले की गटाचे आधी परत करा. कृषी केंद्रवाल्याकडे मुदत मागा, सोबत मी येतो.

पण पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारायचा. सावकाराकडे परवाना आहे काय? महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ सालचा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून, तारण असेल तर वर्षाला शेकडा ९ आणि तारण नसेल तर १२, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. चक्रवाढ चालत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज चालत नाही. बिनापरवाना सावकारी हा गुन्हाच आहे. सावकारीत जमीन लिहून घेतली असेल, तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत सिद्ध झाले तर जमीन परत मिळते. तक्रार करायची की नाही, हे दादांनी ठरवायचे. गावात राहायचे त्यांना आहे. सल्लागाराने नुसते माहीत करून द्यायचे. वकिलाची गरज पडली, तर तालुका विधी सेवा समितीकडे पाठवायचे. तिथे पात्र माणसाला वकील फुकट मिळतो.

काही गोष्टी त्याने कधीच करू नयेत. कोणाचे मूळ कागद घरी नेऊ नयेत. 'थांबा, कर्जमाफी होईल' असे म्हणू नये. २००८, २०१७ आणि २०१९ साली माफी झाली हे खरे, पण प्रत्येक वेळी अटी होत्या, आणि त्या अटींत न बसलेली माणसे याच गावांत आहेत. वसुलीवाला रात्री फोन करतो म्हणून कोणी रडत आले, तर त्याला सांगावे, की बँकेच्या माणसाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातली किती घरे या दुःखातून गेली, ते तुम्हांला सांगायला नको. समोरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला, किंवा "आता काही राह्यलं नाही" असे म्हणाला, तर वही मिटायची. व्याजाचा विषय बंद. त्याला एकटे सोडायचे नाही. घरच्यांना बोलवायचे. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन आहे. रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. तो फोन लावून त्याच्याजवळ बसायचे. हिशेब उद्या करता येईल.