अक्सा : तिथी पाहून जायचा किनारा

भोपाळच्या अशोका गार्डन परिसरातल्या मराठी घरांतली मुलं पाणी ओळखतात ते बड्या तलावाचं. राजा भोजाचं नाव सांगणारा, तकिया टापूवर दर्गा असलेला हा तलाव पावसाळ्यात चढतो, उन्हाळ्यात उतरतो. पण सकाळी जिथे पाणी होतं तिथेच ते संध्याकाळीही असतं. सुटीत हीच कुटुंबं पंजाब मेलने मुंबई गाठतात आणि मढ बेटावरच्या अक्सा किनाऱ्यावर जातात. तिथलं पाणी मात्र वेगळ्या स्वभावाचं आहे.

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला बेस्टची २७१ क्रमांकाची बस मिळते. मार्वे मागे पडलं की इमारती विरळ होतात, ताडामाडांची गर्दी सुरू होते आणि ही मुंबईच आहे ना, अशी शंका येते. पूर्वेला मालाडची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. अक्साची वाळू रुंद, उतार फसवा. लाटा एकामागून एक फुटत येतात, त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत पोचतो. सूर्यास्ताला गर्दी होते ती या देखाव्यासाठीच.

हाच किनारा वर्षानुवर्षं बुडण्याच्या बातम्यांतून वाचकांना माहीत आहे. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत कुठेतरी खोलगट पन्हळ तयार झालेली असते, तिथून ते जोरात आत ओढलं जातं. गंमत म्हणजे त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरला तर दमछाक ठरलेली. अंग सैल सोडून तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जात त्या पट्ट्याबाहेर पडावं. किनाऱ्यावर अग्निशमन दलाचे जीवरक्षक असतात. त्यांची शिट्टी वाजली की पाण्याबाहेर यायचं, वाद घालायचा नाही.

बस शेवटी मढ कोळीवाड्याकडे जाते. वाटेत एरंगळला १५७५ सालचं सेंट बोनाव्हेंचर चर्च लागतं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे मोठी जत्रा भरते. मढचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला आणि १७३९मध्ये, वसईच्या मोहिमेत, मराठ्यांनी घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहावा लागतो.

कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळत असतात. तिथेच डोल जाळ्याची फाटकी बाजू पायाच्या अंगठ्यात ताणून विणत बसलेले एक वृद्ध कोळी भेटले. नजर जाळ्यावरून न हलवता त्यांनी विचारलं, “आज तिथी कोणती?” चतुर्थी, असं उत्तर मिळताच ते म्हणाले, “चार पाऊणे तीन. तीनला पाणी भरणार.” मोबाइलवरच्या वेळापत्रकातही भरती तीनच्या सुमाराचीच होती.

जुन्या शाळांत पावकी, निमकीबरोबर पाऊणकी घोकून घेत. ती इथे अजून रोजच्या कामाची आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, भरतीची ढोबळ वेळ हाती येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती बाराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. हिशोबाचं मर्म इतकंच. जाळं पाण्यात केव्हा ताणलं जाईल, होडी केव्हा सुटेल, हे कोळी असंच ठरवत आले. अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला ते भांगाची म्हणतात, पौर्णिमा-अमावास्येला उधाण.

याचा पर्यटकाशी थेट संबंध आहे. पौर्णिमेच्या रविवारी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा पाणी उतरत असतं आणि नेमकी तेव्हाच सहलींची गर्दी असते. मागे हटणाऱ्या पाण्यामागे माणसं पुढे पुढे जातात, खोलगट जागांपर्यंत पोचतात. धोक्याच्या फलकाशेजारी रोजची तिथी, भरती आणि ओहोटीची वेळ मराठी-हिंदीत ठळक लिहिली तर खर्च खडूपुरता येईल. लिहायला कोळीवाड्यातले जाणकार हवेत. त्यांच्याइतकं हे पाणी कोणाला ठाऊक आहे?

पैसा मात्र वेगळीकडे गेला. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने किनाऱ्यावर भिंत उभारली, तेव्हा पर्यावरणप्रेमींनी राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. लाट अडली की ती पायथ्याची वाळू खणते, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. वाळू गेली तर किनाऱ्यावर पाहण्यासारखं उरेल काय?

भोपाळहून जाणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीचा काळ निवडावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, तेव्हा पाण्यात उतरण्याचा विचारच नको. परतताना मढहून वेसाव्याला बोटीने खाडी ओलांडता येते. आणि निघण्यापूर्वी घरच्या कॅलेंडरवर तिथी पाहून ठेवावी.